विद्रुमदर्शन

प्रवाळ, किंवा घरगुती भाषेंत पोवळें, हा पदार्थ आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. मंगळाच्या शांतीसाठीं तो आंगठींत बसवितात, वैद्यांच्या पुडींतून भस्मरूपानें तो पोटांत जातो, आणि नवरत्नांच्या यादींत तो मोत्याच्या शेजारीं असतो. अमरकोश पाठ केलेल्यांस विद्रुम हें त्याचें दुसरें नांवही ठाऊक असावयाचें. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून परतणारा श्रीराम सीतेस समुद्र दाखवितांना या विद्रुमांची तुलना तिच्या ओठांशीं करतो, व त्यांच्या टोंकांत अडकून बसलेले शंखही तिला दाखवितो. हा भाग वर्गांत शिकवितांना आम्हीं वर्षानुवर्षें अन्वय सांगितला, समास सोडविले. पण ते विद्रुम पाण्याखालीं प्रत्यक्ष कसे दिसतात हें विचारणारा विद्यार्थी कधीं भेटला नाहीं. भेटणार कसा? आमच्या बीड जिल्ह्यांत समुद्र हा भूगोलाच्या पुस्तकांतला निळा रंग आहे.

गेल्या मार्गशीर्षांत तें पाहण्याचा योग आला. मालवणच्या समुद्रांत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळपासच्या खडकांवर, डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवून व श्वासाची नळी तोंडांत धरून, पाण्यावर पालथें तरंगत खालचे प्रवाळ पाहण्याची सोय आतां झालेली आहे. तिला स्नॉर्केलिंग म्हणतात. पाण्याखालीं बुडी मारावी लागत नाहीं. पाठीला हवेची टाकी बांधून खोल जाण्याचा जो प्रकार आहे तो वेगळा, त्याच्या वाटेस आम्ही गेलों नाहीं. मालवणच्या सहलींचीं वर्णनें पुष्कळ प्रसिद्ध होतात आणि त्यांतील बहुतेक शाई माशांच्या रंगांवर व माशांच्याच कालवणावर खर्च झालेली असते. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. तेथें पाण्याखालीं जें आहे तें आमच्या आंगठींतलें पोवळें नव्हे. तें दुसरेंच कांहीं आहे, जिवंत आहे, आणि पाहावयास येणारांच्याच पायांखालीं चिरडलें जात आहे.

घाटावरच्या माणसास या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. पण हा संबंध वाटतो तितका नवा नाहीं. कोंकणांतील कित्येक चित्पावन कुळांची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. समुद्रकांठचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्रि ओलांडून बालाघाटाच्या या कोरड्या माळावर ओटी भरण्यास येत आलीं आहेत. आम्ही त्याच वाटेनें उलट गेलों, इतकेंच. त्याहून जुना पुरावा पाहिजे असल्यास तोही आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या पेरिप्लस नामक व्यापारी मार्गदर्शिकेंत पैठण व तगर या दोन पेठांचीं नांवें येतात. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. आमचा जिल्हा या दोहोंच्या मध्यें पडतो. या पेठांतून कापड व खडे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास नेत. आणि त्याच बंदरांत जहाजांतून उतरणाऱ्या मालाच्या यादींत पोवळें आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याच शतकांतला. आमच्याकडे हिंदी मोत्यांना जेवढा मान, तेवढा हिंदी लोकांत पोवळ्यास, असें त्यानें नमूद केलें आहे.

म्हणजे आपलें पोवळें दोन हजार वर्षांपूर्वींही परदेशांतून येत होतें. तें भूमध्य समुद्रांतलें. रत्न म्हणून ज्याची ख्याति आहे तें तांबडें प्रवाळ तेथें मंद उजेडाच्या पाण्यांत, खडकांच्या कपारींत वाढतें, आणि त्याचा तांबडेपणा त्याच्या सांगाड्यांतच मुरलेला असतो. मालवणचें प्रवाळ उथळ, ऊबदार व लख्ख उजेडाच्या पाण्यांतलें. त्याचा सांगाडा पांढरा असतो आणि तो घासून रत्न होत नाहीं. ज्योतिषीबोवांनीं सांगितलेलें पोवळें मालवणास फुकट मिळेल अशी आशा कोणी धरली असेल तर त्यानें ती येथेंच सोडावी.

निघण्यापूर्वीं घरांत थोडी चर्चा झाली. आम्ही, आमचे धाकटे बंधु व भावजय, सूनबाई आणि महाविद्यालयांत शिकणारी नात अशीं पांच माणसें जाणार होतीं. थोरल्या वहिनींचें म्हणणें असें कीं, "भावजी, साठी उलटल्यावर माणसानें गोदावरींत बुडी मारावी, समुद्रांत नव्हे." बौधायनानें समुद्रसंयान पातकांत गणलें आहे हें खरें, परंतु तेथें अभिप्रेत आहे तें समुद्र ओलांडून परमुलखांत जाणें. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरून डोळ्यांस दिसतो, आणि पर्वकाळीं समुद्रस्नान तर शास्त्रानेंच सांगितलें आहे. वहिनींस हा कोटिक्रम फारसा पटला नाहीं. पण शिदोरी त्यांनींच बांधून दिली.

खरी अडचण शास्त्राची नव्हतीच, उष्ट्याची होती. श्वासाची नळी ओठांत व दातांत धरावयाची असते. तीच नळी सकाळपासून किती मुखांत जाऊन आली असेल, या विचारानें भावजयीबाई पाण्यांत उतरण्यास तयार होईनात. नातीनें पांच नव्या नळ्या व पांच मुखवटे आधींच मागवून ठेविले, तेव्हां तो प्रश्न सुटला. ही युक्ति आम्ही सर्वांस सुचवितों. सोंवळ्यासाठीं नसली तरी आरोग्यासाठीं ती उपयोगाची आहे. पुढें कळलें कीं मुखवट्याच्या कांचेवर वाफ धरूं नये म्हणून आंतल्या अंगास थुंकी चोळून मग ती खळबळून टाकावी लागते. हें ऐकतांच भावजयीबाईंची जी मुद्रा झाली ती वर्णन करण्याजोगी आहे, पण त्या हें सदर वाचतात. असो. मुखवटा स्वतःचा, थुंकीही स्वतःचीच, तेव्हां निभावलें.

चष्मा लावणारांसाठीं एक सूचना. मुखवट्याखालीं चष्मा बसत नाहीं. त्याची दांडी मध्यें आली कीं पाणी आंत शिरतें. ज्यांची दृष्टि अधू आहे त्यांच्यासाठीं नंबराच्या भिंगांचे मुखवटे मिळतात. थोडासा दोष मात्र पाणी आपण होऊनच भरून काढतें. पाण्यांतून कांचेंत व कांचेंतून हवेंत येतांना प्रकाशकिरण वळतात, त्यामुळें वस्तु खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर आहे असें वाटतें व सुमारें एक-तृतीयांशानें मोठी दिसते. वक्रीभवनाचा हा धडा फळ्यावर काढणें वेगळें आणि स्वतः त्या आकृतींत जाऊन पडणें वेगळें. हात पुढें केला तर तो आपला वाटेना.

बार्शी, पंढरपूर व कोल्हापूर या मार्गानें जाऊन फोंडाघाट उतरलों. प्रवासाचें वर्णन करण्यासारखें विशेष कांहीं नाहीं. मालवणास होडीवाल्यांची दाटी असते, आणि एकेका होडींत पंधरा-वीस माणसें घालून घाईघाईनें फेऱ्या करणारेही असतात. आम्हीं चौकशी करून असा मनुष्य शोधला कीं जो एका वेळीं सहांहून अधिक माणसें पाण्यांत उतरवीत नाहीं व बरोबर दोन वाटाडे ठेवतो. थोडे पैसे जास्त पडले. तो मनुष्य मच्छीमाराच्या घरांतला. बापाच्या होडींतून लहानपणापासून याच खडकांभोंवतीं जाळें टाकीत आलेला. प्रत्येकास त्यानें तरंगण्याचें जाकीट घातलें, हृदयविकार किंवा दमा कोणास आहे काय हें विचारलें, गुडघाभर पाण्यांत उभें करून नळीनें श्वास घेण्याची संवय करविली, आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "मास्तरानू, तुम्ही विहिरीत पवलेले दिसतात. हय पाय खाली टेकूचे नाय हां."

त्यानें हें कसें ओळखलें याचें आम्हांस नवल वाटलें. मग त्यानें समजावून सांगितलें. घाटावरची माणसें विहिरींत किंवा बारवेंत, पाठीला सुके भोपळे बांधून पोहावयास शिकतात. विहिरींत आडवें पसरावयास जागा नसते, म्हणून माणूस उभ्यानें पाय मारून तरंगण्यास शिकतो. दमला कीं पायरी किंवा कपार पायानें चांचपतो. ही संवय जन्मभर जात नाहीं. समुद्रांत हाच मनुष्य जरा घाबरला कीं तत्काळ उभा होतो, पाय खालीं सोडतो, आणि ते नेमके प्रवाळावर जाऊन आपटतात. खाऱ्या पाण्यांत अंग आपोआप वर राहतें. निजल्यासारखें पालथें पडून राहिलें म्हणजे झालें. पोहतां येणाऱ्यापेक्षां मुळींच न येणारा मनुष्य हें लौकर शिकतो, असा त्याचा अनुभव. आमच्या मंडळींतही तसेंच घडलें. भावजयीबाईंनीं जन्मांत कधीं पाण्यावर अंग टाकलेलें नव्हतें. वाटाड्यानें तरंगतें कडें हातीं देऊन ओढीत नेलें तशा त्या निमूटपणें गेल्या, आणि बाहेर येण्यास सर्वांत शेवटीं राजी झाल्या.

आतां पाहिलें तें सांगतों. कालिदास वाचून गेलेल्या माणसाची पहिल्या क्षणीं निराशा होते. तांबड्या फांद्या कोठेंच नाहींत. खालीं काळसर खडक, त्यावर शेवाळ, आणि मधून मधून पिवळसर तपकिरी रंगाचे घुमट, पालथ्या घातलेल्या घमेल्यासारखे. वाटाड्यानें बोट दाखविलें नसतें तर ते धोंडेच समजून आम्ही पुढें गेलों असतों. जरा स्थिर होऊन पाहिल्यावर दिसूं लागलें कीं त्या घुमटाचें सर्व अंग सुईच्या टोंकाएवढ्या खळग्यांनीं भरलेलें आहे. ही पोराइट्स नांवाची जात. दुसऱ्या एका गोळ्यावर मधाच्या पोळ्यासारखीं लागूनलागून घरें होतीं. तिला फॅव्हाइट्स म्हणतात. तिसरी जात, टर्बिनेरिया, ही मात्र खरोखर देखणी. पळसाच्या पानाचा द्रोण कोणी खडकावर ठेवून जावा तशी. काळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे या सर्वांतून असे ये-जा करीत होते कीं जणूं घरचींच मुलें.

या प्रत्येक खळग्यांत एकेक प्राणी राहतो. आपल्या पूर्वजांनीं त्यास विद्रुम म्हणजे एक प्रकारचा द्रुम मानिलें. प्रवाळ शब्दाचाही दुसरा अर्थ कोंवळा अंकुर असाच आहे. यांत आपलीच दृष्टि अपुरी होती असें नाहीं. युरोपांतील पंडितही अठराव्या शतकापर्यंत त्यास वनस्पतिच समजत, आणि त्याच्या अंगावर उमलणाऱ्या इवल्या आकृतींना फुलें म्हणत. मार्सेय येथील पेसोनेल नांवाच्या वैद्यानें १७२० च्या दशकांत हीं फुलें नसून प्राणी आहेत असें प्रतिपादिलें, तेव्हां पॅरिसच्या विद्वत्सभेंतील रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञानें तें मत पुढें मांडतांना पेसोनेलचें नांवही सांगितलें नाहीं. एवढें हास्यास्पद विधान त्याच्या माथीं बसूं नये, ही त्यामागील दया. पुढें पेसोनेलच खरा ठरला.

तरीही द्रुम म्हणणारे अगदींच चुकले नव्हते. या उथळ पाण्यांतल्या प्रवाळजीवाच्या शरीरांत, त्याच्या पेशींतच, अतिसूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व त्यांतला मोठा वांटा यजमानास देतें. यजमान त्यास आश्रय देतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग मुख्यतः या भाडेकरूचाच. जीव स्वतः दिवसा बहुधा आंखडून बसतो व रात्रीं आपल्या बारीक भुजा बाहेर काढून पाण्यांतले सूक्ष्म प्राणी टिपतो. समुद्राच्या पाण्यांतला चुना घेऊन तो आपल्या खालीं दगडी घर बांधतो, आणि जुन्यावर नवें असें करीत तो घुमट वाढतो. पोराइट्सची वाढ वर्षास फार तर सेंटिमीटरभर. हातभर उंचीच्या एखाद्या घुमटास तेवढें होण्यास निदान चाळीस-पन्नास वर्षें लागलीं असतील. शिवाजीमहाराजांनीं ज्या किल्ल्याची पायाभरणी १६६४ च्या मार्गशीर्षांत केली त्याच्या जवळच हें दुसरें बांधकाम चालूं आहे, आणि त्याचे गवंडी अद्याप कामावर आहेत.

हें काम थांबविण्यास एक पाय पुरतो. जीवाचें मांस दगडावर अगदीं पातळ पडद्यासारखें असतें. टांच पडली कीं तें चेंगरतें, आणि त्या जागीं शेवाळ बसलें कीं प्रवाळ पुन्हां तेथें सहसा येत नाहीं. द्रोणासारख्या जातीचा तर कडाच मोडतो. आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें तें सांगतों: आमच्यापासून थोड्या अंतरावर दुसऱ्या एका होडींतील तरुण मंडळी छायाचित्रासाठीं एका घुमटावर उभीच राहिली होती, आणि त्यांचा वाटाडा मासे गोळा व्हावे म्हणून पावाचे तुकडे पाण्यांत टाकीत होता. आमचा मनुष्य कांहीं बोलला नाहीं. मान फिरवून आम्हांस दुसरीकडे घेऊन गेला. माशांस पाव घालणें हा पुण्यकर्माचा प्रकार आहे असें कित्येकांस वाटतें. ज्या माशांनीं खडकावरचें शेवाळ कुरतडून प्रवाळास मोकळी जागा करून द्यावयाची ते पावाच्या मागें लागतात, आणि शेवाळ माजतें. नदीकांठीं माशांस कणकेच्या गोळ्या टाकणें वेगळें. येथें तो धर्म लागू नाहीं.

हा भाग संरक्षित आहे, हें मुद्दाम सांगावयास पाहिजे, कारण तेथें उभ्या राहणाऱ्यास तें जाणवत नाहीं. १९८७ साली मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, पैकीं गाभ्याचें ३.१८. आपली मासेमारी बंद पडेल या भीतीनें स्थानिक मच्छीमारांनीं त्यास आरंभापासून विरोध केला, आणि त्यांची भीति आम्हांस अवास्तव वाटत नाहीं. ज्याचें पोट समुद्रावर त्यास न विचारतां समुद्रावर रेघा ओढूं नयेत. पुढें त्यांतल्याच कित्येकांस या नव्या धंद्यानें हात दिला. परंतु धंदा वाढला तशी नासाडीही वाढली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत या अभयारण्यांतील प्रवाळांस हौशी पाणबुड्यांकडून पोंचणाऱ्या इजेचें विवेचन केलें आहे, व कोणीच उत्तरदायी नसल्यामुळें हें घडतें असा त्यांचा अभिप्राय आहे. कायदा नाहीं असें नाहीं. २००१ पासून सर्व खडकबांधणारीं प्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलेलीं आहेत. दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत शोभेसाठीं ठेवण्यास किनाऱ्यावरून पांढरा तुकडा उचलून आणणें हा त्यामुळें गुन्हा होतो. आपल्याकडील कित्येक सुशिक्षित घरांत असे तुकडे आहेत. ते कोणी कधीं आणले हें विचारण्याची आमची इच्छा नाहीं, नवे आणूं नयेत एवढेंच.

पायांपेक्षां मोठें संकट उष्णतेचें. समुद्राचें पाणी नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां अंशभर अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर प्रवाळ व शैवाल यांचें बिनसतें. यजमान भाडेकरूस बाहेर घालवितो, आणि पातळ मांसांतून आंतला चुना पांढरा दिसूं लागतो. यास विरंजन म्हणतात. लौकर गारवा आला तर शैवाल परत येतें; न आला तर प्रवाळ उपाशी मरतें. १९९८ साली लक्षद्वीपांत यानें मोठा संहार केला. मालवण येथील विरंजनाची नोंद वर सांगितलेल्या संस्थेच्याच संशोधकांनीं २०१५ साली प्रसिद्ध केली. एप्रिल २०२४ मध्यें तर जगभर एकाच काळीं चाललेल्या विरंजनाचा चौथा फेरा जाहीर झाला. यावर बीडच्या माणसानें काय करावें? दुष्काळांत झाड पिवळें पडतांना पाहिलेल्यांस एवढें ठाऊक आहे कीं उन्हानें अर्धमेलें झालेलें झाड गुरांनीं ओरबाडलें तर जातें, आणि राखलें तर एखादे वेळीं पालवतें.

जाऊं इच्छिणारांसाठीं कालाचा विचार. पावसाळ्यांत हा व्यवहार बंद असतो. दिवाळीनंतर पाणी निवळतें, आणि कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. सकाळीं वारा पडलेला असतो. दुपारनंतर खारा वारा सुटला कीं लाटा उठतात. तिथि पाहून जावें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, ओढ जोराची व पाणी गढूळ; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार थोडा, तेव्हां तळ स्वच्छ दिसतो. भरतीची वेळ काढण्याचा कोंकणांतील ठोकताळा पंचांगवाल्या घरांस आवडेल: तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. ओहोटी त्यानंतर सुमारें सहा तासांनीं. घड्याळाशीं अगदीं मिनिटाचा मेळ बसत नाहीं, पण बेत ठरविण्यास पुरतो. आम्ही वद्य सप्तमीस गेलों होतों.

होडी ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. एका वेळीं किती माणसें पाण्यांत उतरवितां? नांगर वाळूंत टाकतां कीं खडकावर? आणि पाव टाकतां काय? तिसऱ्याचें उत्तर "हो, मासे भरपूर दिसतील" असें आलें, तर नमस्कार करून पुढच्या होडीकडे जावें. सूनबाईंनीं असे चार नमस्कार केले, पांचव्या ठिकाणीं बैठक जमली.